मागूनही नम्रता का मिळत नाही?

प्रभूमध्ये प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

तुमचे पत्र प्रांजळ आहे. ते पूर्ण छापू नये अशी तुमची विनंती आहे, म्हणून वाचकांसाठी त्यातील मुख्य गोष्ट तेवढी सांगतो. नगर जिल्ह्यातील एका मंडळीत तुम्ही गेली अनेक वर्षे पेटी वाजवता, उपासनेतील गायन सांभाळता आणि शब्बाथ शाळेत मुलांना गाणी शिकवता. गेल्या नाताळाआधी, मंडळीतल्या एका घरी नव्याने सून म्हणून आलेल्या तरुण मुलीकडे नाताळच्या गायनाची जबाबदारी देण्यात आली, आणि ही बातमी तुम्हांला पाळकसाहेबांकडून न कळता तालमीला गेल्यावर इतरांच्या तोंडून कळली. तुम्ही काही बोलला नाहीत. मागच्या बाकावर बसू लागलात, कोणी गायला सांगितले तर ‘मला काय येते, नव्यांना संधी द्या’ असे म्हणू लागलात, आणि लोक तुमच्या नम्रतेची वाखाणणी करू लागले. ती वाखाणणी आपल्याला आवडते आहे, हे एके दिवशी तुमच्या ध्यानात आले आणि तेव्हापासून तुमच्या मनाला स्वस्थता नाही. तुम्ही विचारता की नम्रता हे देवाचे दान आहे असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, रोज गुडघे टेकून ते मागतो, मग ते मिळत का नाही. की ते आपल्याच प्रयत्नाने यायचे असते?

नम्रता हे दानच आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु दान मागताना ते कोणत्या रूपात यावे हेही आपण मनात ठरवून बसलेलो असतो, आणि ते वेगळ्या रूपात दाराशी उभे राहिले की आपण त्याला ओळखत नाही. तुम्ही शांत, निवलेल्या मनाची वाट पाहत होता. प्रत्यक्षात तुम्हांला आपल्याच मनाचा एक नकोसा कोपरा स्वच्छ दिसला. गर्विष्ठ मनुष्याला आपला गर्व दिसत नाही, हेच तर गर्वाचे मोठे बळ असते. आपण मागे सरलो तेही लोकांनी पाहावे म्हणून, हे ज्या प्रकाशात तुम्हांला दिसले तो प्रकाश तुमच्या घरचा नाही. म्हणून तुमच्या प्रार्थनेला उत्तर मिळाले नाही असे मी म्हणणार नाही. उत्तर येऊ लागले आहे आणि ते दुखते आहे.

आता प्रयत्नाविषयी. लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील परूशी (धर्मनियम कडकपणे पाळणारा) आणि जकातदार (कर गोळा करणारा, लोकांच्या नजरेत पापी) यांचा दाखला तुम्ही मुलांना अनेकदा शिकवला असेल. तो शिकवताना परूशी आढ्यताखोर होता एवढे सांगून आपण पुढे जातो. पण त्याच्या प्रार्थनेची सुरुवात देवाचे आभार मानण्याने होते, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. आपण इतर लोकांसारखे नाही याचे श्रेय तो तोंडाने देवालाच देतो. आपला उपास, आपला दशमांश, आपले शुद्ध आचरण यांबद्दल देवापुढे कृतज्ञता कशी व्यक्त करावी, ती रीत त्याला पक्की ठाऊक आहे. ‘सगळे प्रभूचे आहे, माझे काही नाही’ हे वाक्य उच्चारल्याने मनुष्य नम्र होत नाही, याचा इतका स्पष्ट पुरावा मला दुसरा माहीत नाही. त्याचे बिघडले ते एवढ्यावरून की प्रार्थना करता करता त्याची नजर देवावरून निघून दूर उभ्या असलेल्या जकातदाराकडे गेली आणि आपली उंची त्याने त्या माणसावरून मोजली. जकातदाराने मात्र कोणाशीच तुलना केली नाही. वर पाहण्याचेही धैर्य त्याला झाले नाही, आणि या क्षणी आपण नम्र आहोत हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते. त्याला दया हवी होती, आणि ती घेऊन तो घरी गेला.

तुम्ही घेतलेल्या मागच्या बाकाचा विचार याच प्रकाशात करावा. जेवणाच्या आमंत्रणाला गेल्यावर शेवटच्या जागी बसावे असे प्रभूनेच सांगितले आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. परंतु शेवटच्या जागी बसून यजमान केव्हा येतो आणि ‘मित्रा, वर ये’ असे केव्हा म्हणतो याची वाट पाहणे, हा मुख्य जागेवर डोळा ठेवण्याचाच एक प्रकार झाला. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने अशा स्वतः घडवलेल्या नम्रतेविषयी सावध केले आहे: शरीराला कष्ट देणारे, स्वतःला कमी लेखणारे हे आचार बाहेरून ज्ञानाचे दिसतात, पण देहस्वभावाला आवरण्याच्या कामी त्यांचा काही उपयोग होत नाही. मनुष्य स्वतःला खाली दाबण्याचा जितका प्रयत्न करतो तितके त्याचे लक्ष स्वतःवरच खिळते. समूहगायनात एखादी गायिका आपलाच आवाज नीट लागतो आहे ना हे ऐकत राहिली तर तिचा सूर इतरांपासून सुटू लागतो, हे तुम्ही मुलांना शिकवताना पाहिले असेल. आवाज मोठा केल्याने तो सुटतो तसाच मुद्दाम दबका काढल्यानेही सुटतो.

मग ही नम्रता येते कोठून? पहिल्या करिंथकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील सातवे वचन माझ्या मते या सगळ्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. तुझ्याजवळ असे काय आहे की जे तुला मिळालेले नाही, आणि मिळाले आहे तर ते मिळालेले नसल्यासारखा अभिमान का बाळगतोस, असे पौल विचारतो. हा प्रश्न त्याने कोणत्या प्रसंगी विचारला तेही पाहा. करिंथच्या मंडळीत कोणी स्वतःला पौलाचा म्हणवत होता, कोणी अपुल्लोसाचा. मंडळी रोवणारा कोण आणि नंतर येऊन पाणी घालणारा कोण, दोघांत थोर कोण, असा तो वाद होता. म्हणजे जुना सेवक आणि नवा सेवक यांच्यात लोकांनी लावलेली तुलना हीच या वचनाची पार्श्वभूमी आहे, आणि म्हणून ते तुमच्या मंडळीत जसेच्या तसे लागू पडते.

उत्तर आफ्रिकेतील हिप्पो या गावचा बिशप ऑगस्टिन याच्या विचाराला या एका वचनाने कलाटणी दिली, हे त्याने स्वतःच पुढे नमूद केले आहे. देवाची कृपा दान आहे हे त्याला आधीही मान्य होते. पण त्या दानाकडे वळणारा विश्वास तरी आपला स्वतःचा असतो, असे तो बिशप होण्याआधी समजत होता. हे वचन नीट वाचल्यावर त्याला कळून आले की हात पुढे करण्याची इच्छाही दिलेलीच असते. त्याच्या एका पत्राची मला येथे आठवण होते. दियोस्कोरस नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याने, लोकांनी आपल्याला अडाणी समजू नये म्हणून, तत्त्वज्ञांच्या ग्रंथांविषयी त्याला बरेच प्रश्न विचारले होते. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी पाठवलेल्या उत्तरात ऑगस्टिनाने सांगितले की सत्याकडे नेणाऱ्या मार्गात पहिली गोष्ट नम्रता, दुसरी नम्रता आणि तिसरीही नम्रताच, आणि पुन्हा विचारशील तर पुन्हा तेच सांगेन. लोक आपल्याला काय म्हणतील या धास्तीत असलेल्या तरुणाला त्याने नम्रता सांगितली, कारण ती धास्ती दुसऱ्या कशानेही सुटण्यासारखी नव्हती. तुमची धास्ती त्या तरुणाच्या धास्तीहून फार वेगळी नाही.

परंतु माझ्यासमोर तुमचे पत्र आले तेव्हा सर्वांत आधी मला आठवला तो बाप्तिस्मा करणारा योहान. ‘त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा’ हे त्याचे वाक्य आपण तोंडपाठ म्हणतो, पण ते कोणत्या गोष्टीच्या उत्तरादाखल आले ते विसरतो. योहानाचे शिष्य त्याच्याकडे तक्रार घेऊन आले होते. यार्देनेच्या पलीकडे जो तुमच्याबरोबर होता, ज्याच्याविषयी तुम्ही साक्ष दिली, तोच आता बाप्तिस्मा देत आहे आणि सगळे लोक त्याच्याकडे चालले आहेत, अशी ती तक्रार होती. अगदी तुमच्या तालमीच्या दिवशी तुमच्या कानाशी लागून एखाद्या मैत्रिणीने म्हटले असेल तसेच हे. योहानाने आपल्या शिष्यांना गप्प केले नाही, ‘मी कोण, मी क्षुद्र’ असेही म्हटले नाही. त्याने सांगितले की स्वर्गातून दिल्याशिवाय मनुष्याला काहीही मिळू शकत नाही. हे वाक्य दोघांनाही लागू आहे. येशूकडे लोक जातात तेही स्वर्गातून दिलेले आहे, आणि योहानाकडे इतके दिवस लोक आले तेही दिलेलेच होते. जे दिलेले होते ते आपल्या मालकीचे कधी नव्हतेच, मग ते दुसऱ्याकडे गेले तर हिसकावून नेले असे कसे म्हणावे? त्यापुढचे वाक्य तर अधिक सुंदर आहे. आपण वराचे मित्र आहोत, वराचा आवाज ऐकून आपल्याला आनंद होतो आणि तो आनंद आता पूर्ण झाला आहे, असे तो म्हणतो. लक्षात घ्या, योहान येथे दुःख गिळत नाही. तो खरोखर आनंदात आहे. नम्रता स्वतः घडवलेली असते तेव्हा ती फार तर मत्सर झाकून ठेवते. देवाकडून आलेली असते तेव्हा ती दुसऱ्याच्या बढतीत मनापासून आनंद मानू शकते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे दोहोंतला फरक ओळखण्याची याहून खात्रीची खूण नाही.

तुम्ही लिहिले आहे की त्या मुलीचा आवाज ऐकला की तुमच्या छातीत काहीतरी आवळते. हे तुम्ही लपवले नाही, याबद्दल मला तुमच्याविषयी आदर वाटतो. येथे मी एक गोष्ट स्पष्टपणे सांगू इच्छितो, जरी ती ऐकायला कठीण असली तरी. तुम्ही जे दान रोज मागता ते तुमच्यापर्यंत आणण्यासाठी देवाने कदाचित याच मुलीला पाठवले असेल. पाळकसाहेबांच्या हातून जी चूक झाली ती देवाने करवली असे मी म्हणत नाही. त्या चुकीविषयी पुढे लिहितो. परंतु घडून गेलेल्या गोष्टीचा उपयोग करून घेण्याची देवाची रीत आपल्याला ठाऊक आहे. त्या मुलीशिवाय तुम्हांला कधी कळले असते का, की गायनातली ती जागा तुम्हांला किती प्रिय झाली होती?

नम्रतेविषयी बोलताना आपण नेहमी देण्याविषयी, झुकण्याविषयी, सेवेविषयी बोलतो. घेण्याविषयी फार कमी बोलतो, आणि दान म्हटले की घेणे आलेच. शेवटच्या भोजनाच्या वेळी पेत्राने आपले पाय धुऊ देण्यास नकार दिला, तो नकार किती नम्र वाटतो! प्रभूने माझे पाय धुवावे एवढी माझी योग्यता नाही, असा त्याचा भाव होता. तरी प्रभूने त्याला सांगितले की मी तुला धुतले नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. पेत्र प्रभूसाठी मरायला तयार होता, निदान तसे त्या क्षणी त्याला वाटत होते; पण प्रभूकडून पाय धुऊन घ्यायला तयार नव्हता. आणि प्रभू स्वतः? सूखारच्या विहिरीवर थकून बसल्यावर त्याने एका शोमरोनी स्त्रीकडे प्यायला पाणी मागितले. यहूदी मनुष्य आपल्या हातचे पाणी मागतो याचे तिलाच आश्चर्य वाटले. जिवंत पाणी देणाऱ्याने आधी पाणी मागितले, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

पाण्याची ही गोष्ट महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला परकी नाही. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आधी कित्येक वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, आणि परत आल्यावरही त्यांचे सोवळे सुटलेले नव्हते. देवाने माणसांत जात निर्माण केलेली नाही हे मनाला पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खाणेपिणे सुरू केले, आणि मग १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा क्रमही पाहण्यासारखा आहे. ज्यांच्या हातचे पाणी आजवर वर्ज्य मानले त्यांच्याकडून ते घेणे, यात स्वतःला कमी लेखणारे एकही वाक्य नव्हते, आणि तरी त्यांच्या आयुष्यातले एवढे मोठे नमणे दुसरे नसेल.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्या रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. आणि तरी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी म्हटले की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. बुद्धीने पटलेला धर्म त्यांच्याजवळ होता. हात रिकामे करून घ्यावे लागणारे तारण मात्र त्यांनी काही वर्षांनंतर घेतले. एवढ्या विदुषीला जे घेण्यास काळ लागला, ते तुम्हांला एका नाताळात जमले नाही म्हणून निराश होऊ नका.

आणखी एक गोष्ट तुमच्या ‘मला काय येते’ या वाक्याविषयी. ते वाक्य कृपा करून पुन्हा म्हणू नका, कारण ते खरे नाही. तुम्हांला पेटी येते, राग कळतात, टिळकांच्या पदांचे जुने सूर येतात, आणि लहान मुलांना सुरात आणण्याची हातोटी तुमच्याजवळ आहे. सोळाव्या शतकातील स्पेनमधील अविलाची तेरेसा ही रोमन कॅथलिक पंथाची संन्यासिनी होती आणि आपली मंडळी प्रॉटेस्टंट परंपरेतली आहे, तरी तिचे एक निरीक्षण मी नेहमी सांगतो. देवाला नम्रता इतकी का आवडते याचा विचार करताना तिला उमगले की देव हा परम सत्य आहे आणि नम्रता म्हणजे सत्यात चालणे. जे दिले आहे ते नाही म्हणणे हे सत्यात चालणे नव्हे. जळत्या झुडपासमोर मोशेने आपली जीभ जड असल्याचे कारण सांगून नकार दिला आणि दुसऱ्या कोणाला तरी पाठव अशी विनवणी केली, तेव्हा परमेश्वराचा कोप त्याच्यावर भडकला असे निर्गमाच्या चौथ्या अध्यायात लिहिले आहे. पुढे गणनेच्या पुस्तकात ज्याला पृथ्वीवरील सर्व माणसांहून नम्र म्हटले आहे तो हाच मोशे, पण ते म्हटले आहे फारोसमोर उभे राहिल्यानंतर आणि लोकांना चालवत नेण्याची जबाबदारी खांद्यावर घेतल्यानंतर, आणि तेही त्याची सख्खी भावंडे त्याच्याविरुद्ध बोलत असताना तो स्वतःची बाजू मांडत बसला नाही त्या प्रसंगी. झुडपासमोरच्या नकाराला शास्त्राने कोठेही नम्रता म्हटलेले नाही.

आता पाळकसाहेबांविषयी. इतकी वर्षे सेवा करणाऱ्या स्त्रीला बदलाची गोष्ट आधी सांगायला हवी होती. ती न सांगणे ही चूक आहे, आणि तुम्हांला वाईट वाटले म्हणजे तुमच्यात गर्व आहे असे मुळीच नाही. हे मी थोडे जोर देऊन लिहितो, कारण आपल्या भागातल्या मंडळींचा इतिहास मला विसरता येत नाही. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने नगरला काम सुरू केले आणि पुढे त्या मंडळ्यांत जे लोक आले त्यांतले बहुसंख्य महार आणि मांग समाजातले होते. गावाने ज्यांना पिढ्यानपिढ्या मान वर करू दिली नाही, त्यांना शुभवर्तमानाने प्रथम मान वर करायला शिकवले. अशा लोकांच्या नातवंडांना नम्रतेच्या नावाखाली पुन्हा मान खाली घालायला सांगणे हे शुभवर्तमानाच्या विरुद्ध आहे असे माझे ठाम मत आहे. आणि घरात व मंडळीत बायकांना तर हा उपदेश जरा जास्तच ऐकवला जातो. प्रभूच्या लीनतेविषयी बोलताना योहानकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला प्रसंगही वाचावा. मुख्य याजकासमोर एका शिपायाने त्याला चपराक मारली, तेव्हा तो म्हणाला की मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? फिलिप्पैमध्ये पौल आणि सीला यांना चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकले गेले. सकाळी गुपचूप सोडून देण्याचा निरोप आला तेव्हा पौलाने आपण रोमी नागरिक असल्याचे सांगून अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे असा आग्रह धरला. रमाबाईंनीही १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची झालेली आबाळ वृत्तपत्रातून जाहीरपणे मांडली, सरकारची नाराजी पत्करून. यांतल्या कोणाच्याही लीनतेला त्यामुळे बाध आला नाही.

याच फिलिप्पैच्या मंडळीला पौलाने नंतर जे पत्र लिहिले त्याच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताच्या लीनतेचे वर्णन आहे: देवाच्या बरोबरीचे असणे त्याने धरून ठेवण्याजोगे मानले नाही, त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, वधस्तंभावरील मरणही सोसले. हे वर्णन मुळात सुरुवातीच्या मंडळ्यांत गायले जाणारे एक स्तोत्र असावे असे अनेक अभ्यासक मानतात. तुम्ही गाणाऱ्या आहात म्हणून ही गोष्ट तुम्हांला मुद्दाम सांगतो. आणि त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांना प्रभूमध्ये एकचित्त होण्याची विनंती करतो. त्या दोघींनी त्याच्याबरोबर सुवार्तेच्या कामात श्रम केले होते, म्हणजे त्या मंडळीतल्या जुन्या, कष्टाळू सेविका होत्या, आणि त्यांच्यात काहीतरी बिनसले होते. काय बिनसले ते पौल लिहीत नाही, दोघींपैकी कोणाची चूक तेही सांगत नाही. दोघींनाही तो एकच विनंती नाव घेऊन वेगवेगळी करतो. ख्रिस्ताच्या लीनतेचे ते थोर वर्णन पहिल्या प्रथम ज्यांच्यासमोर वाचले गेले त्यांत या दोघी बसल्या असतील. ‘ख्रिस्त येशूची जी चित्तवृत्ती ती तुमच्या ठायी असो’ असे पौल तेथे म्हणतो. तुम्ही देवाकडे नम्रता नावाची एखादी वेगळी वस्तू मागत आहात. पौल ज्या दानाविषयी बोलतो ते ख्रिस्ताची स्वतःची चित्तवृत्ती आहे, आणि ती त्याच्या सहवासावाचून सुटी मिळत नाही. ‘मी मनाचा सौम्य व लीन आहे, माझ्यापासून शिका’ असे म्हणताना त्यानेही आधी ‘माझ्याकडे या’ असे म्हटले आहे.

म्हणून तुमच्या रोजच्या प्रार्थनेत मी एक बदल सुचवतो. ‘मला नम्र कर’ ही विनंती काही आठवडे बाजूला ठेवा. त्या ऐवजी त्या मुलीचे नाव घेऊन तिच्या आवाजाबद्दल देवाचे आभार माना. सुरुवातीला ते शब्द कोरडे निघतील, छाती आवळेल. तरीही म्हणा, आणि मत्सर वाटला तर तो मत्सर या नावानेच देवासमोर मांडा. आपण किती नम्र झालो याचा हिशेब मात्र करू नका. त्यानंतर त्या मुलीकडून काहीतरी घ्या. तिला नवी चाल येत असेल तर ती शिकवायला सांगा, मुलांच्या गाण्यासाठी तिचे मत विचारा. तिला शिकवण्याची घाई करू नका. सासरच्या नव्या मंडळीत ती अजून बुजलेली असेल, आणि वडीलधाऱ्या बाईने आपल्याकडून काही शिकावे यासारखा आधार तिला दुसरा मिळणार नाही. कोणी तुमच्या गाण्याची स्तुती केली तर ‘आभारी आहे’ एवढे म्हणून विषय संपवा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे की कापणीच्या सणाला एकटीने एक पद म्हणण्याची विनंती तुम्हांला आली आहे आणि नकार द्यावा असे मनात आहे. होकार कळवा. पाळकसाहेबांना मात्र सणाच्या आधी, घरी जाऊन, एकट्यात भेटा, आणि नाताळाच्या वेळी तुम्हांला आधी सांगितले गेले नाही याचे वाईट वाटले हे साध्या शब्दांत सांगा. त्या मुलीविषयी त्या भेटीत काही बोलू नका. ते काय उत्तर देतील त्यावर तुमचा होकार अवलंबून ठेवू नका; पदाची तालीम त्या भेटीच्या आधीच सुरू करा, आणि शक्य असेल तर त्या मुलीला साथीला बसण्याची विनंती करा.

प्रभूमध्ये तुमचा बंधू